इसार देण्यापूर्वी

नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणारा रस्ता सौंसरच्या परिसरात आला की जामसांवलीची वाट फुटते. पिंपळाच्या छायेत निद्रिस्त असलेल्या हनुमंताच्या दर्शनासाठी मंगळवारी व शनिवारी तेथे जी रीघ लागते, ती पाहून एखाद्या व्यवहारी माणसाच्या मनात देवाबरोबर दुकानाचाही विचार यावा, यात नवल नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये तेथे ‘हनुमान लोक’चे भूमिपूजन झाले, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सौंसर व पांढुर्णा हे भाग छिंदवाड्यापासून निराळे होऊन पांढुर्णा हा नवा जिल्हा अस्तित्वात आला. तीर्थाचा विस्तार व्हावा आणि जवळच जिल्ह्याचे ठाणे यावे, असा योग जुळला म्हणजे रस्त्याकडेच्या जागांवर साऱ्यांचीच नजर जाते. कोणाला प्रसादाचे दुकान हवे असते, कोणाला भोजनालय, कोणाला यात्रेकरूंसाठी चार खोल्या.

अशा जागेचा व्यवहार ठरतो तेव्हा कोणकोणत्या गोष्टी विचारल्या जातात? रस्त्याला तोंड किती फुटांचे आहे, गाड्या कोठे उभ्या राहतात, भाडे किती, अनामत किती, जागा वडिलार्जित की स्वतःच्या कमाईची, भाऊ किती, बहिणींनी हक्क सोडले आहेत की नाहीत. वकील जुने कागद चाळतो, आणि ते योग्यच होय. भिंतीला मात्र कोणी काही विचारीत नाही. मालक म्हणतो, ‘भाऊ, बांधकाम पक्के आहे, बाबूजींनी स्वतः उभे राहून करून घेतले होते.’ पाहणारा एकवार मान वर करून छताकडे बघतो, भिंतीवर हात थोपटतो आणि समाधान पावतो. हाच माणूस बैल घ्यावयास बाजारात गेला असता तर त्याने दात पाहिले असते, बैल चालवून पाहिला असता, खुरापासून वशिंडापर्यंत हात फिरविला असता. ज्या इमारतीत आयुष्याची पुंजी ओतावयाची, तिच्याविषयी मात्र तो मालकाच्या शब्दावर विसंबतो.

एक उदाहरण कल्पू. पांढुर्ण्याच्या एका किराणा व्यापाऱ्याला जामसांवलीच्या वाटेवरील एक दुमजली इमारत नऊ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घ्यावयाची आहे. खाली भोजनालय व पूजासाहित्याचे दुकान, वर उतरणाऱ्यांसाठी खोल्या, आणि वरच्याच मजल्यावर मागील बाजूस गव्हाच्या व डाळीच्या पोत्यांचे कोठार, असा त्याचा बेत आहे. इमारत तीस वर्षांची. मुळात ती राहते घर म्हणून एकमजली बांधली गेली. मुलांची लग्ने झाली तेव्हा वर मजला चढला. गेल्या दिवाळीला बाहेरून रंग दिल्यामुळे ती डोळ्यांत भरते. व्यापाऱ्याला अनामत द्यावयाची आहे. शिवाय भट्ट्या, फरशी, न्हाणीघरे, विजेची जोडणी यांवर स्वतःचा पैसा घालावयाचा आहे. हा पैसा भिंतींत आणि जमिनीत मुरणारा. उद्या जागा सोडावी लागली तर तो पोत्यात भरून परत नेता येत नाही. इसार, म्हणजे इकडच्या बोलीतला बयाना, अजून दिलेला नाही. सर्वांत महत्त्वाचा काळ तो हाच. हातातून पैसा सुटेपर्यंत प्रश्न विचारण्याचा अधिकार घेणाऱ्याकडे असतो. तो सुटला की प्रश्न विचारले तरी उत्तर देण्याची घाई कोणाला नसते.

या इमारतीचे परीक्षण करणारा जाणता स्थापत्य अभियंता आरंभ कोठून करील? भिंतीपासून नव्हे, तर जमिनीपासून. सौंसर-पांढुर्ण्याचा मुलूख जमिनीच्या दृष्टीने मोठा मनोरंजक आहे. पांढुर्ण्याकडे दख्खनचा काळा फत्तर पसरला आहे, तर सौंसरकडे त्याहून कितीतरी प्राचीन असे संगमरवर, अभ्रकी दगड व मँगनीज यांचे थर वर येतात. भूशास्त्रज्ञांनी त्या साऱ्या मालिकेला सौंसरचेच नाव दिले आहे. यामुळे चार मैलांच्या अंतरात एका घराचा पाया खडकावर तर दुसऱ्याचा खोल काळ्या मातीत, असे सहज घडते. जी काळी कसदार माती कापसाला व संत्र्याला मानवते, तीच इमारतीला मानवत नाही. तिच्यातील चिकण खनिज पाणी शोषून फुगते व पाणी गेले की आकसते. वैशाखात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि श्रावणात त्या मिटतात, हे शेतकऱ्याला सांगावयास नको. परंतु त्याच जमिनीवर उभे असलेले घरही दरवर्षी उन्हाळ्यात खचते व पावसाळ्यात उचलले जाते, हे त्याच्याही ध्यानात येत नाही. सारे घर एकसारखे उचलले गेले असते तर बिघडले नसते. पण मोरीच्या बाजूची माती बारमाही ओली, रस्त्याच्या बाजूची कोरडी आणि परसातल्या झाडाच्या मुळांनी शोषलेली तिसरीच, अशा स्थितीत घराचा एक कोपरा वर व दुसरा खाली होतो आणि मधली भिंत फाटते.

या दुखण्यावर उपाय नाही असे नव्हे. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या जमिनीसाठी तळाशी फुगीर असलेल्या काँक्रीटच्या खांबांचा पाया देशभर रूढ केला. असा खांब जमिनीखाली किमान साडेतीन मीटर जावा, असे भारतीय मानक सांगते; कारण ऋतूप्रमाणे होणारी ओलीसुकीची ये-जा तेथवर फारशी पोहोचत नाही. पाया मुरमापर्यंत नेणे, जोत्याला चोहोबाजूंनी काँक्रीटचा पट्टा बांधणे, घराभोवती उताराची फरशी करून पावसाचे पाणी पायापासून दूर नेणे, याही जुन्या व सोप्या युक्त्या आहेत. प्रश्न एवढाच की यांपैकी काय त्या इमारतीत केले गेले आहे? ‘बाबूजींनी उभे राहून करून घेतले’ हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. भिंतीलगत एक खड्डा खणून पाया डोळ्यांनी पाहणे, हेच उत्तर. असा खड्डा खणावयास दोन मजुरांना फार तर एक दिवस लागतो.

मग भिंती. भेगा सर्वच घरांना असतात आणि प्रत्येक भेगेला घाबरण्याचे कारण नाही. गिलाव्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरलेल्या बारीक रेघा बहुधा गिलाव्यापुरत्याच असतात. खांब आणि विटांची भिंत जेथे मिळतात तेथे उभी रेघ पडते, तीही दोन पदार्थ उन्हाने निरनिराळे प्रसरण पावल्यामुळे. ती दिसावयास वाईट, पण सहसा धोक्याची नव्हे. परंतु खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरपी निघून वर चढत गेलेली, वरच्या टोकाशी रुंद व खाली निमुळती होणारी भेग पायाच्या हालचालीची खूण असते. आडवी भेग, विशेषतः छताच्या खाली किंवा जोत्याच्या वर, तिचे कारण शोधल्यावाचून सोडू नये. काँक्रीटच्या खांबाला सळईच्या रेषेत उभी भेग दिसली तर आत लोखंड गंजत आहे असे समजावे. गंजलेले लोखंड मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा व्यापते व वरचे काँक्रीट आतून ढकलून फोडते. खपली गळते ती त्यामुळेच. अशा खपलीवर सिमेंटचा हात मारून वर रंग देणे हा उपाय नसून झाकण होय. म्हणूनच नुकताच रंग दिलेली इमारत जाणत्या माणसाला अधिक सावध करते. सबंध घर जुने आणि एकाच भिंतीवर नवा गिलावा असेल, तर त्या भिंतीपाशी त्याने जरा अधिक वेळ थांबावे.

काळ्या जमिनीवरील इमारतीच्या बाबतीत आणखी एक अडचण असते, ती काळाची. घर फेब्रुवारीत पाहिले तर ते पावसाळ्यात फुगून मिटलेले नसते आणि उन्हाळ्यात फाटलेलेही नसते. त्याचे खरे रूप दोन्ही वेळा लपलेले राहते. शिवाय गच्चीची गळती मे महिन्यात कशी दिसणार? म्हणून अशी इमारत शक्य तर दोन ऋतूंत पाहावी. तेवढा धीर नसेल तर शेजाऱ्यांच्या घरांच्या भिंती पाहाव्यात, कारण जमीन तीच असते व शेजाऱ्याने दिवाळीला रंग दिलेला नसतो. आणि भेगेवर काचेची एक पातळ पट्टी सिमेंटने चिकटवून तीवर तारीख लिहून ठेवावी. भेग जिवंत असेल तर काच आपोआप तडकते. इतके स्वस्त व इतके प्रामाणिक उपकरण दुसरे नसेल.

काँक्रीटचे अंतरंग पाहण्यासाठी मात्र उपकरणे लागतात आणि ती नागपुरात सहज मिळतात. एक हातोडी असते. ती पृष्ठभागावर आपटून किती उसळते यावरून काँक्रीटच्या कठीणपणाचा अंदाज बांधतात. दुसऱ्या उपकरणाने काँक्रीटमधून अतिसूक्ष्म ध्वनिलहरी पाठवितात. लहर सेकंदाला साडेतीन किलोमीटरपेक्षा कमी वेगाने जाऊ लागली म्हणजे आत पोकळी, भेग किंवा निकृष्ट मिश्रण असल्याची शंका घेतली जाते. तिसरी परीक्षा रसायनाची. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीनचे थेंब टाकले की निरोगी काँक्रीट गुलाबी होते. हवेतील कर्बवायूने ज्याचा क्षारधर्म गेला आहे ते मात्र तसेच बेरंग राहते. सळईभोवतीचे काँक्रीट बेरंग राहिले तर गंजाला दार उघडले आहे, असा त्याचा अर्थ. यांपैकी कोणतीही एक परीक्षा स्वतःच्या बळावर निकाल देत नाही. अभियंता त्या सर्वांचा मेळ घालतो. जुनी, सागवानी तुळयांची व कवेलूंची इमारत असेल तर ही उपकरणे बाजूस ठेवावी लागतात. तेथे तुळई भिंतीत शिरते त्या टोकाला सुरीचे पाते खुपसून पाहणे अधिक उपयोगी, कारण ओल व वाळवी यांचे घर तेच.

आता त्या व्यापाऱ्याच्या बेताकडे वळू. इमारत राहते घर म्हणून बांधली गेली, ही गोष्ट त्याने क्षुल्लक मानली आहे. भारतीय मानकांप्रमाणे राहत्या खोलीच्या जमिनीवर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार येईल असे धरून तिची रचना करतात. किरकोळ दुकानासाठी हा आकडा ४०० आहे, घाऊक दुकानासाठी किमान ६०० आणि कोठारासाठी किमान ७५०. गव्हाची पोती पुरुषभर उंच रचली तर चौरस मीटरला हजार किलोंहूनही अधिक भार होतो. म्हणजे मुलांच्या लग्नानंतर निजावयाच्या खोल्या म्हणून जो मजला चढविला, त्याच्यावर हा गृहस्थ पाचपट ओझे ठेवू पाहतो आहे. गच्चीवर यात्रेकरूंसाठी दोन हजार लिटरची पाण्याची टाकी बसविली की आणखी दोन टन. इमारत वाईट आहे असे नव्हे. ती दुसऱ्याच कामासाठी जन्मलेली आहे, इतकेच. आणि हे सांगावयास मालक बांधलेला नाही, कारण तो बेत त्याने केलेला नसतो. इमारत चांगली आहे काय, हा प्रश्न अपुरा पडतो. योजिलेल्या कामासाठी ती चांगली आहे काय, असे विचारावे लागते.

या प्रश्नाकडे दुर्लक्ष झाले म्हणजे काय घडते, याचा दाखला शेजारच्या देशाने दिला आहे. ढाक्याजवळच्या सावर येथील राणा प्लाझा ही आठ मजली इमारत दुकाने व कचेऱ्यांसाठी म्हणून उभी राहिली होती. वरचे मजले परवानगीवाचून चढविले गेले, त्यांत कपडे शिवण्याचे कारखाने आले, शिवणयंत्रे आली, विजेची अवजड जनित्रे वर नेली गेली. २३ एप्रिल २०१३ रोजी खांबांना मोठ्या भेगा दिसल्या. इमारतीतील बँकेने दुसऱ्या दिवशी आपली माणसे येऊ दिली नाहीत आणि खालची दुकाने बंद राहिली. वरच्या कारखान्यांत मात्र मजुरांना कामावर बोलावण्यात आले. २४ एप्रिलच्या सकाळी इमारत कोसळली व ११३४ माणसे मेली. त्या बँकेच्या माणसांना इमारतीच्या रचनेचे ज्ञान कारखानदारांपेक्षा अधिक होते असे नाही. त्यांनी भेगेचे म्हणणे ऐकले, एवढाच फरक.

मुंबईतील दोन घटना तर भाडेकरूने विशेष ध्यानात घेण्याजोग्या आहेत. २७ सप्टेंबर २०१३ रोजी डॉकयार्ड रोड येथील बाबू गेनू मंडईची, महापालिकेच्याच मालकीची इमारत पहाटे कोसळली आणि ६१ जण मृत्युमुखी पडले. वर पालिकेच्या कर्मचाऱ्यांची बिऱ्हाडे होती. तळमजल्याची जागा मंडप-सजावटीच्या धंद्यासाठी भाड्याने दिलेली होती व तेथे आतल्या आत फेरफार केले गेल्याचा आरोप पुढे आला. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरची सिद्धी साई ही चार मजली इमारत पडून १७ जण दगावले. तिच्याही तळमजल्यावर शुश्रूषागृहाच्या जागेचे नूतनीकरण चालू होते आणि आधाराचे खांब दुखावले गेल्याची तक्रार होती. तळमजला मोकळा, ऐसपैस, समोरून काचेचा असावा, असे प्रत्येक दुकानदाराला वाटते. त्यासाठी तो एखादी भिंत पाडतो, एखादा खांब तासतो. ती भिंत नुसती आडोशाची होती की वरचे मजले तोलून धरीत होती, हे त्याला ठाऊक नसते. कंत्राटदारालाही पुष्कळदा नसते. जागा घेण्यापूर्वी केलेल्या परीक्षणात कोणत्या भिंतीला हात लावता येईल व कोणत्या नाही, हे नकाशावर निराळ्या रंगाने दाखवून घ्यावे. असे परीक्षण मालकाच्या दोषांविरुद्ध संरक्षण देते, हे खरेच; पण त्याहून अधिक ते भाडेकरूला स्वतःच्या हौसेपासून वाचविते. आणि वर निजणाऱ्यांना दोघांपासूनही.

भूकंपाचे नाव काढले की लोक हसतात. सातपुड्याच्या पायथ्याशी कसला भूकंप? २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूरला ५.८ प्रतीचा धक्का बसला, सुमारे चाळीस माणसे गेली, आणि ज्या जिल्ह्यांत घरांची हानी झाली त्यांत जबलपूर, मंडला, शिवनी यांच्यासमवेत छिंदवाडाही होता. मातीच्या गाऱ्यात दगड रचून उभारलेल्या भिंती अशा वेळी आधी जातात. इमारत दगडी असेल तर गारा मातीचा की सिमेंटचा, हे गिलावा खरवडून पाहावे.

कायदा या बाबतीत काय म्हणतो? १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम अजून लागू आहे. त्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे विक्रेत्याला जो मोठा दोष ठाऊक आहे, पण घेणाऱ्याला ठाऊक नाही व सामान्य काळजीने कळण्याजोगा नाही, तो सांगणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. न सांगणे म्हणजे कपट, असे ते कलम स्पष्ट शब्दांत म्हणते. भाडेपट्ट्यासाठी १०८ व्या कलमात जवळजवळ तसाच नियम आहे. वरवर पाहता घेणाऱ्याला मोठाच आधार वाटतो. परंतु त्यातील ‘सामान्य काळजी’ हे दोन शब्द फार महागात पडतात. भेग डोळ्यांसमोर असता ज्याने ती पाहिली नाही, त्याला उद्या तक्रारीस जागा उरत नाही; आणि मालकाला स्वतःलाच पायाची स्थिती ठाऊक नसेल तर त्याने लपविले काय, हा प्रश्नच उद्भवत नाही. विकत घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत हा जुना इंग्रजी न्याय आहे, आणि या कलमांच्या तळाशी तो अजून वाहतो आहे.

त्याच १०८ व्या कलमात आणखी एक गोष्ट आहे, जी भाडेकरू करारावर सही करताना क्वचितच वाचतो. निराळा करार नसेल तर, जागा ताब्यात घेताना जशी होती तशी ती सोडताना परत करण्याची जबाबदारी भाडेकरूवर पडते. साधी झीज व दैवी आपत्ती तेवढी वजा. पण ताब्यात घेताना ती कशी होती? नऊ वर्षांनंतर हे कोण सांगणार? मालक म्हणेल, भिंत अखंड दिली होती. भाडेकरू म्हणेल, ती फाटकीच मिळाली. इंग्लंडात याकरिता भाडेपट्ट्याला इमारतीच्या स्थितीचे नोंदपत्रक जोडण्याची प्रथा आहे. प्रत्येक खोली, प्रत्येक भिंत, छत, जमीन, दारे, नळ यांची सही-तारखेनिशी नोंद व सोबत छायाचित्रे असतात. नवा वाद निघाला की ते पत्रक उघडून पाहतात. येथे ती प्रथा नाही, पण तिला कायद्याची आडकाठीही नाही. हल्ली प्रत्येकाच्या खिशात छायाचित्र काढण्याचे यंत्र आहे. एक दुपार खर्च करून दोन्ही पक्षांनी इमारतभर हिंडावे, छायाचित्रे घ्यावीत, छापून त्यांवर सह्या कराव्यात आणि ती करारासोबत नोंदवावीत. वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीवाचून वैध होत नाही, हे पुष्कळांना ठाऊक असते. तरी अकरा महिन्यांच्या कागदावर नऊ वर्षांचा संसार मांडण्याची खोड सुटत नाही. नोंदणीचा खर्च वाचला म्हणून जो हसतो, त्याच्या भट्ट्या आणि फरशी त्या अकरा महिन्यांच्या भरवशावर असतात.

परीक्षण कोणाकडून करवावे, यातही घोटाळे होतात. ‘बँकेचा माणूस पाहून गेला, त्याने इमारतीची किंमत लावली,’ असे समाधान मानणारे अनेक असतात. बँकेचा मूल्यांकनकार बँकेसाठी येतो. कर्ज बुडाले तर जागा विकून किती पैसे वसूल होतील, हे तो पाहतो. खांबात गंज आहे काय, हे त्याला कोणी विचारलेले नसते. ‘मिस्त्री पाहून गेला’ हे समाधानही अपुरे. मिस्त्रीचा अनुभव मोलाचा असतो, कन्हानच्या रेतीत माती किती मिसळली होती हे तो तिचा रंग पाहून सांगतो. परंतु पाचपट ओझ्याचा हिशेब हे त्याचे काम नव्हे, आणि पुष्कळदा तोच दुरुस्तीचे कंत्राटही घेणार असतो. दलालाने आणलेला अभियंता दलालाचा असतो. घेणाऱ्याने स्वतः शोधलेला, स्वतः पैसे दिलेला, व्यवहार होवो वा न होवो ज्याची फी ठरलेली आहे असा अभियंता असावा; आणि त्याने लेखी द्यावे. तोंडी मत पाण्यासारखे, ज्या भांड्यात ओतावे त्याचा आकार घेते. त्या लेखी अहवालात काय पाहिले याबरोबर काय पाहता आले नाही हेही असावयास हवे. कुलूपबंद खोली, फर्निचरआडची भिंत, न खणलेला पाया यांविषयी जो अहवाल मूग गिळतो, तो अर्धाच अहवाल समजावा.

कागदांविषयी येथे फार बोलावयाचे नाही, ते वकिलाचे क्षेत्र आहे. एवढेच की महाराष्ट्रातून येणारा गिऱ्हाईक सातबारा मागतो आणि येथे त्याला खसरा व बी-१ मिळतात. नावे निराळी असली तरी जमीन शेतीची की अन्य वापराची हे त्यांतून कळते. शेतजमिनीवर डायव्हर्शन झाल्यावाचून दुकान उभे असेल तर भिंती कितीही भक्कम असोत, पाया कागदाचाच डळमळीत. मंजूर नकाशात मजले किती, हे प्रत्यक्ष मोजलेल्या मजल्यांशी ताडून पाहावे. आपल्या व्यापाऱ्याच्या इमारतीत बहुधा एकच निघेल.

आगीचा विचारही याच वेळी व्हावा, कारण जिना नंतर वाढविता येत नाही. १ ऑगस्ट २०२२ रोजी जबलपूरच्या एका खाजगी रुग्णालयाला आग लागून आठ जण गेले. बाहेर पडण्याची वाट एकच होती. खाली भोजनालयाच्या भट्ट्या, वर झोपलेले यात्रेकरू आणि उतरावयाला भट्टीशेजारचा एकमेव जिना, असा आपल्या व्यापाऱ्याचा बेत आहे. त्याला हे सांगणारे अजून कोणी भेटलेले नाही. घरासाठी टाकलेल्या विजेच्या तारांवर शीतकपाटे व पाणी तापविण्याचे हंडे चालवावयाचे असतील, तर त्या तारांचीही परीक्षा अभियंत्याच्या कामात धरावी.

एवढे सारे झाल्यावर अहवाल हाती येतो तेव्हा व्यवहार मोडलाच पाहिजे, असे मुळीच नाही. बहुतेक इमारती निर्दोष नसतात आणि बहुतेक दोष दुरुस्त होण्याजोगे असतात. अहवालाने भाव कमी करता येतो. भाडेपट्ट्याच्या पहिल्या वर्षीचे भाडे दुरुस्तीत वळते करून घेता येते. अमुक दुरुस्ती अमुक तारखेपूर्वी मालकाने करावी, न केल्यास इसार परत, अशी अट इसारपावतीत घालता येते. मात्र त्यासाठी पावती देण्यापूर्वी अहवाल हाती हवा. मालकालाही हे जाचक वाटण्याचे कारण नाही. ज्याचे घर खरोखर पक्के आहे, त्याला दुसऱ्याच्या सहीने तसे लिहून मिळते, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला ते दाखविता येते. खड्डा खणू देण्यास जो मालक ठाम नकार देतो, त्याने एक प्रकारे पायाविषयी सांगूनच टाकलेले असते.

आपल्या व्यापाऱ्याच्या बाबतीत अभियंता बहुधा असे लिहील: पाया मुरमापर्यंत गेलेला नाही, मोरीच्या बाजूची तिरपी भेग जुनी आहे, पण अजून चालू आहे की थांबली आहे हे कळण्यास एक पावसाळा लागेल, वरच्या मजल्यावर पोती ठेवू नयेत, कोठार तळमजल्यावर जमिनीवरच करावे, मधली भिंत पाडू नये, मागील बाजूस लोखंडी जिना घालावा, टाकी गच्चीवर न ठेवता स्वतंत्र मनोऱ्यावर चढवावी. व्यापाऱ्याला हनुमान जयंतीपूर्वीच दुकान उघडावयाचे होते. त्याऐवजी तो चैत्रात काचेची पट्टी चिकटवील, तीवर तारीख घालील, मालक व तो दोघे तीखाली सह्या करतील. पावसाळा उलटून पोळा झाला, पांढुर्ण्याची गोटमार आटोपली, की दोघांनी मिळून ती पट्टी पाहावयाची, आणि इसाराचे बोलणे त्या दिवशी.